सगळ्यांनी लक्षात ठेवा

विमलताईंच्या मालकीच्या म्हणाव्या अशा दोनच गोष्टी होत्या. एक, पुसदच्या पूसमाई महिला नागरी पतसंस्थेच्या तिजोरीची चावी, जी सव्वीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. आणि दुसरी, गल्लीतल्या कोणत्याही हळदीकुंकवात पहिला उखाणा घ्यायचा मान, जो त्यांच्याकडे लग्नापासून, म्हणजे तीस वर्षं होता. बाकी घर रामरावांच्या नावावर, गॅस सासूबाईंच्या नावावर आणि देवघर देवाचं.

उखाणा त्यांचा स्वतःचा होता. कुठून ऐकलेला नाही, पुस्तकातला तर नाहीच नाही:

"पूस नदीच्या पाण्यात सोडला दिवा, देवापाशी मागितला सौभाग्याचा ठेवा, रामरावांचं नाव घेते, सगळ्यांनी लक्षात ठेवा!"

आणि सगळ्यांनी तो खरोखरच लक्षात ठेवला होता. गल्लीतल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारताना तो म्हणायच्या. दूधवाला गुलाबसिंग दारात कॅन ठेवला की "ताई, रामरावांचं दूध घेते, सगळ्यांनी लक्षात ठेवा" असं म्हणून हसायचा. लोक दर सणाला नवा उखाणा पाठ करतात, पण विमलताईंचं मत असं, की नवरा एक तर उखाणाही एकच.

ताई मनानं सरळ. रोज पहाटे उठून वहीत एकशेआठ वेळा रामनाम लिहायचं, तुळशीला पाणी घालायचं, सोमवार धरायचा. शिवाय दर चातुर्मासात एक नवा नेम. कधी वांगं सोडलं, कधी चहा. यंदा त्यांनी खोटं बोलणं सोडलं. "माहं कुठं असते एवढं खोटं," असं म्हणत त्यांनी आषाढी एकादशीला पाणी सोडलं. पण वांग्याचं बरं असतं. ते समोर आलं की दिसतं तरी. खोटं तोंडातून निघून गेल्यावर दिसतं.

नेमाची पहिली परीक्षा आठ दिवसांतच आली. पतसंस्थेच्या तिन्ही शाखांचा, म्हणजे पुसद, महागाव आणि पांढरकवड्याचा कारभार तोवर मोबाइलवरच्या साध्या गटावर चालायचा. सभासदांचे फोटो, आधारकार्डं, पॅनकार्डं, सगळं त्या गटावर, आणि सकाळी त्यावर फुलंही. एका गुरुवारी विमलताईंनी महागावच्या भीमसिंग नावाच्या सभासदाचं पॅनकार्ड शाखेला पाठवायचं, ते चुकून आपल्या हरिपाठ मंडळाच्या गटावर पाठवलं. चूक कळायला संध्याकाळ झाली. तोपर्यंत भीमसिंगच्या पॅनकार्डाखाली सतरा जणींनी हात जोडले होते, आणि एकीनं "दर्शन झालं, दिवस चांगला जाईन" असंही लिहिलं होतं.

नेमकं हे लेखापरीक्षकांच्या कानावर गेलं. लोकांच्या पैशाचा कारभार करणाऱ्यांनी असं उघड्यावर बोलू नये, त्यासाठी कुलूपबंद निरोपांची वेगळी व्यवस्था घ्या, असा शेरा त्यांनी मारला. अध्यक्षा लालीबाई राठोड यांनी सभा बोलावली.

"नागपूरची एक कंपनी हाय," लालीबाई म्हणाल्या, "कवच नावाचं अॅप देते. त्यात निरोप पाठवला का ज्याले पाठवला त्यालेच दिसते. पुढं ढकलता येत नाही, फोटो काढता येत नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप मिटते. नोंद तेवढी लेखापरीक्षकाच्या कपाटात राह्यते."

"अन् हे सांभाळन कोण?" विमलताईंनी सहज विचारलं. सहज म्हणजे, विचारताना त्यांचा हात कमरेच्या चावीवर गेला होता.

"आपली दिपाली. तिले अॅडमिन केलं."

दिपालीला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. अमरावतीहून कॉम्प्युटरचं शिकून आलेली, आणि वैशाखात अमरशी लग्न होऊन ती नेमकी विमलताईंच्याच गल्लीत सून म्हणून आली होती. म्हणजे सकाळी अंगणात तीच, दुपारी ऑफिसात तीच. तिची रांगोळी बरी, तिच्या पोळ्या पातळ, तिचे निरोप बिनचूक. एखाद्या माणसानं किती ठिकाणी चांगलं असावं, याला काही मर्यादा हवी.

त्या संध्याकाळी विमलताई देवापुढे बसून म्हणाल्या, "देवा, दिपालीले अॅडमिन केलं. मले काही नाही वाटलं." आणि समई लावून स्वयंपाकघरात गेल्या. कढईत फोडणी टाकली, तेवढ्यात नेम आठवला. गॅस बंद करून परत आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "वाटलं थोडं." पुन्हा गेल्या. पुन्हा आल्या. "लय वाटलं." मग कुठे फोडणी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे रामनाम लिहिताना त्यांनी पेन इतकं दाबलं, की खालच्या चार पानांवर रामनाम आपोआप उमटलं. ते हिशेबात धरायचं की नाही, हा एक वेगळाच प्रश्न.

लालीबाई मुरलेल्या होत्या. कोणाच्या कमरेवर काय लटकतं हे त्यांना ठाऊक होतं. अॅपला दोन चाव्या लागतात, असं कंपनीच्या अंकुर सरांनी सांगताच त्या म्हणाल्या, "मंग दुसरी चावी विमलपाशीच राहीन." पण ही चावी लोखंडाची नव्हती. ती एक वाक्य होती. अॅडमिनचा मोबाइल हरवला तर सगळं अॅप बंद पडतं, आणि मग दुसऱ्या चावीवाल्यानं आपलं गुप्त वाक्य टाकलं तरच ते उघडतं.

"किमान बारा शब्द," अंकुर सर म्हणाले. "स्वतः रचलेलं हवं. कुठं लिहून ठेवायचं नाही. जन्मात विसरणार नाही असं पाहिजे. आणि कोणालाही सांगायचं नाही. घरी नवऱ्यालासुद्धा नाही."

विमलताईंनी आधी स्तोत्राचा विचार केला. पण स्तोत्र सगळ्यांना येतं, आणि ते स्वतः रचलेलंही नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं. स्वतः रचलेलं, जन्मात न विसरणारं आणि बारा शब्दांहून जास्त असं एक वाक्य त्यांच्याकडे तीस वर्षं तयार होतं. पदराआड मोबाइल धरून त्यांनी ते टाकायला घेतलं. पहिल्याच ओळीला त्या थबकल्या. खोटं न बोलायचा नेम लिहिण्यालाही लागतो का? लागत असणार. त्यांनी दोन शब्द खोडले, एक घातला, आणि पुढचं भराभर टाकून दिलं.

"ताई, फार सोपं तर नाही ना ठेवलं?" दिपालीनं विचारलं.

"तुह्या जन्माच्या आधीचं हाय ते," विमलताई म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी देवापुढे पाणी सोडलं: हे वाक्य या तोंडातून बाहेर पडणार नाही.

आता वाचकांच्या जे लक्षात आलं, ते ताईंच्या लक्षात यायला भाद्रपदातल्या महालक्ष्म्या याव्या लागल्या.

शेजारच्या कांताबाईंकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. ज्येष्ठा-कनिष्ठा नटलेल्या, सोळा भाज्या, आंबील, सगळं यथासांग. संध्याकाळी हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं. कांताबाईंनी ताईंना कुंकू लावलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "व्हा मंग विमलताई. तुमच्याबिगर सुरुवात कशी होईन?"

ताईंनी पदर सावरला, घसा साफ केला. "पूस..." एवढं तोंडातून निघालं आणि त्या थांबल्या. जणू तिजोरी उघडी टाकून आपण बाजारात उभ्या आहोत!

"काय झालं वो?"

"मले नाव घेता येत नाही."

आंबील घोटणाऱ्या बाईचा हातसुद्धा थांबला.

"काहून?"

डोकं दुखतं म्हणता आलं असतं. घशाला काही झालंय म्हणता आलं असतं. पण चातुर्मास होता. "सांगता येत नाही," विमलताई म्हणाल्या.

"मंग दुसरा घ्या एखादा."

दुसरा येत असता तर काय हवं होतं! ताईंनी तिथल्या तिथे रचून पाहिला. "महालक्ष्मीपुढं ठेवली आंबिलीची वाटी..." पुढे 'पाठी', 'काठी', 'लाठी' एवढंच सुचलं, आणि रामरावांच्या नावाशी त्यातलं काहीच शोभेना.

"राहू द्या राहू द्या," कांताबाई अशा आवाजात म्हणाल्या, जणू जखमेवर हळद लावावी आणि बोटानं दाबून पाहावी. "दिपाली, तू घे माय."

दिपाली उठली. नवी कोरी पैठणी. तिनं ताईंकडे एकदा पाहिलं, जरा घुटमळली, आणि म्हणाली:

"ओटीपी येतो सहा आकडी, टिकतो मिनिटं तीन, अमररावांचं नाव मात्र जन्मभर घेत राहीन!"

घर दणाणलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्टीही ऐकू आली. कोणाची ते महालक्ष्म्यांनाच माहीत. ताईंनीही टाळ्या वाजवल्या. दोन. तिसरी वाजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजेपर्यंत गल्लीचं एकमत झालं होतं: विमलताईनं नवऱ्याचं नाव टाकलं. गुलाबसिंगनं त्या दिवशी मुकाट्यानं दूध ओतलं, आणि वर अर्धा पाव जास्त घातलं. दुःखी माणसाला लोक देतात तसं.

मग सल्ले सुरू झाले. कांताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "ताई, सोळा सोमवार करा." "चालूच हायेत." "मंग रामरावचंच काही असन." रामराव जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पारावर पेपर वाचणारे गृहस्थ. त्यांना पारावर चौघांनी गाठलं. एक म्हणाला, साडी आणा. दुसरा म्हणाला, साडी आणली तर चूक कबूल केल्यासारखं होते, भांडं आणा. तिसऱ्यानं विचारलं, "पण तुम्ही केलं काय?" रामरावांना हेच तर माहीत नव्हतं. त्यांनी गेल्या तीस वर्षांची मनातल्या मनात उजळणी केली आणि त्यांना घाम फुटला.

त्यातच कवचची घंटी. दिवसातून दहा वेळा मोबाइल टुण्ण वाजायचा, ताई वाचायच्या, हसायच्या किंवा कपाळाला आठ्या घालायच्या.

"कोणाचा निरोप?"

"सांगता येत नाही."

"काल कोणाचा होता?"

"मिटला तो."

"मिटला?" रामराव म्हणाले. "तीस वर्षांत माही एक चिठ्ठी तू फेकली नाही, अन् याचे निरोप मिटतात?"

त्या दिवसापासून रामराव त्या मोबाइलचा सवतीसारखा दुस्वास करू लागले. मिशीला कलप लावला. जाईचा गजरा आणला, तो नेमका मोबाइलवर ठेवला. आणि ताईंना दुपारी डबा पोहोचवायच्या निमित्तानं रोज पतसंस्थेत डोकावू लागले. एकाच घरात अशा हेव्याच्या दोन चुली पेटल्या: रामराव मोबाइलवर जळायचे, विमलताई दिपालीवर. स्वयंपाक मात्र ज्याचा त्याला कच्चाच लागायचा.

गणपती विसर्जनाच्या दिवशी दिपालीनं नगरपालिकेच्या हौदावर वाकून मोरयाचं चित्रण केलं, आणि बाप्पाबरोबर मोबाइलचंही विसर्जन झालं. मूर्ती शाडूची होती, ती विरघळली. मोबाइल निघाला, पण त्याच्यात जीव नव्हता.

सोमवारी पतसंस्था उघडली तर कवच बंद. महागावला सभासद खोळंबलेले, पांढरकवड्याहून फोनवर फोन. लालीबाई स्वतः येऊन बसल्या. अंकुर सर नागपुराहून फोनवर. सगळ्यांचे डोळे विमलताईंकडे वळले.

सव्वीस वर्षांत हा क्षण कधी आला नव्हता. लोखंडाची चावी रोजच लागते, तिचं कोणाला कौतुक नसतं. ताईंनी मनातल्या मनात रामनाम घेतलं, दिपालीकडे एक नजर टाकली (ती अगदी एवढीशी होऊन कोपऱ्यात उभी होती, आणि खोटं कशाला, ताईंना बरं वाटलं) आणि पदराआड वाक्य टाकलं.

"वाक्य चुकीचे आहे," मोबाइल म्हणाला.

पुन्हा टाकलं. एकेक अक्षर, अनुस्वार बघून. "वाक्य चुकीचे आहे. एक संधी शिल्लक."

"मॅडम, सांभाळून," फोनमधून अंकुर सर म्हणाले. "तिसऱ्यांदा चुकलं तर आठ दिवस उघडणार नाही. आणि मग दुसरी चावी आम्हाला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

ताईंनी मोबाइल मांडीवर ठेवला. दुसऱ्या कोणाला, म्हणजे कोणाला ते सांगायची गरज नव्हती. लालीबाई म्हणाल्या, "विमल, आठव. कोणाले सांगितलं का तू?"

"कोणालेच नाही," ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "माह्या तोंडून निघालंच नाही ते."

कोपऱ्यातून दिपालीचा बारीक आवाज आला. "ताई... 'रामरावांचं'मध्ये काना सुटला काय?"

ताईंनी मान वर केली. "तुले कसं माहीत?"

दिपालीनं खाली पाहिलं. "महालक्ष्म्यांच्या दिवशीच कळलं. तुम्ही 'पूस' म्हणून थांबल्या ना, तेव्हाच. घेतला असता तर कोणाला कळलं नसतं. नाही घेतला म्हणून कळलं."

"मीही होती ना तिथं. मलेही तवाच," लालीबाई म्हणाल्या.

"मले दुसऱ्या दिवशी, गल्लीत बोभाटा झाला तवा," शिपाई रामधन दारातून म्हणाला. "म्या तर पाठच केलं, म्हटलं ताई विसरल्या तर असू द्या."

"अन् तू सांगितलं नाही कोणाले?" ताईंनी दिपालीला विचारलं. तिनं कंपनीला सांगितलं असतं, तर चावी त्याच दिवशी तिच्याकडे गेली असती.

"चावी तुमची होती ताई," दिपाली म्हणाली.

असं काही चांगलं वागून दाखवायची खरंच गरज नव्हती. हेवा करायलासुद्धा माणसाला थोडा आधार लागतो.

एवढ्यात सोमवारच्या उपासाची साबुदाण्याची उसळ घेऊन रामराव दारात उभे राहिले. कलप लावलेली मिशी, कडक इस्त्री. लालीबाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. कवच काय, चावी काय, आणि त्या चावीत कोणाचं नाव आहे. रामराव ऐकता ऐकता डब्यासकट खुर्चीवर बसले.

"म्हणजे... त्याच्यात मीच होतो?"

"तुम्हीच होते," ताई म्हणाल्या. "पण उघडत नाही ना आता! सारं टाकलं. पूस नदीच्या पाण्यात..."

"नदी?" रामराव म्हणाले. "विमल, नदी कुठची वो त्या वर्षी? कोरडी ठक्क पडली होती. वऱ्हाड थांबवून तू हट्ट केला, का दिवा सोडायचाच. मंग म्या मांडवातली परात आणली, त्यात कळशीभर पाणी ओतलं. त्या परातीत सोडला दिवा. विसरली?"

ताईंच्या डोळ्यांसमोर लख्ख झालं. परात! नेम! खोडलेले दोन शब्द आणि घातलेला एक! तीस वर्षांच्या सवयीनं हात नदीकडे धावत होते, आणि खरं तर परातीत होतं. त्यांनी टाकलं: परातीतल्या पाण्यात सोडला दिवा...

कवच उघडलं. पांढरकवडा, महागाव एकदम टुणटुणू लागले.

"म्हणजे मलाही माहीत नव्हतं," दिपाली हसून म्हणाली. "माझा अंदाज चुकलाच असता!"

विमलताईंची मान इतकी ताठ झाली, की अंबाड्यातला आकडा निसटला. पुसद शहरातलं सगळ्यांना पाठ असलेलं ते वाक्य, एका नेमानं कुलूपबंद करून ठेवलं होतं! मात्र रामरावांनी ते भर ऑफिसात मोठ्यानं सांगितल्यामुळे अंकुर सर फोनमधून म्हणाले, "मॅडम, आता लगेच नवीन वाक्य ठेवा. आणि दिपाली मॅडम, नव्या मोबाइलवर तुम्हीपण. जन्मात विसरणार नाही असं." ताईंनी ठेवलं. काय ते त्यांनाच माहीत. त्यात नवऱ्याचं नाव नाही, एवढं त्यांनी रामरावांना सांगितलं, आणि रामराव दोन दिवस पुन्हा रुसले.

ललिता पंचमीला दुपारी विमलताईंकडे कुंकुमार्चन होतं. झाडून सगळी गल्ली आली होती. कांताबाई पुढच्या चटईवर, कान तयार ठेवून. आरती झाली आणि ताई स्वतःच उभ्या राहिल्या:

"परातीतल्या पाण्यात सोडला दिवा, देवापाशी मागितला सौभाग्याचा ठेवा, रामरावांचं नाव घेते, सगळ्यांनी लक्षात ठेवा!"

"परात कुठून आली वो?" कांताबाईंनी विचारलं.

"मांडवातून," ताई म्हणाल्या, आणि टाळ्या मोजल्या. भरपूर होत्या.

"आता दिपाली! तो ओटीपीवाला घे वो माय!"

दिपाली उठली. तोंड उघडलं. मिटलं. कानापर्यंत लाल झाली.

"आज नाही घेता येणार मला."

"काहून?"

"सांगता येत नाही."

कांताबाई हळूच शेजारणीकडे कलल्या. वैशाखात लग्न अन् अश्विनात ही पाळी!

विमलताईंना क्षणात सगळं कळलं. आणि नेम आहे म्हणून सांगायचं, तो क्षण त्यांना पेढ्यासारखा गोड लागला. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. उद्या सकाळी सातपर्यंत गल्लीचं एकमत झालं असतं, गुलाबसिंगनं तिला अर्धा पाव जास्त घातलं असतं. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

समोर देवी कुंकवानं माखून बसली होती. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. तीही काही बोलत नव्हती, पण बघत होती.

"कांताबाई, कान इकडे आणा," ताई मोठ्यानं म्हणाल्या. "पोट्टीच्या घरी सारं बरं हाय. कारण मले माहीत हाय, ते पतसंस्थेचं हाय, अन् सांगता येत नाही. अन् मी चातुर्मासात खोटं बोलत नाही, हे तुमाले माहीत हाय. आता पुढचीनं नाव घ्या!"

बायका पुन्हा किलबिलू लागल्या. ताईंनी दिपालीच्या ओटीत खण-नारळ घातले आणि कुंकू लावता लावता तिच्या कानाशी वाकल्या.

"आधी घरी जाय अन् वाक्य बदल. साऱ्या गल्लीले पाठ हाय ते."

"एक शब्दही बदलला नव्हता मी," दिपाली पुटपुटली. "तुमच्यासारखं नाही सुचलं."

"नाही सुचत एकदम," विमलताई म्हणाल्या, आणि कुंकवाचं बोट जरा जास्तच वेळ तिच्या कपाळावर राहिलं. "पण 'तीन' अन् 'राहीन'... यमक चांगलं होतं तुहं."

संध्याकाळी देवापुढे बसून त्यांनी यमकाचं ते बोलणं पुन्हा एकदा मनात तपासून पाहिलं. खोटं नव्हतं. मग त्या उठल्या, फोडणी टाकली, आणि त्या दिवशी ती पहिल्याच खेपेला झाली.